मुलांच्या मनासाठी शाळेला सरकारी निधी: कुठे मागायचा, कसा मागायचा

पलूस-कडेगावकडच्या ऊसपट्ट्यात मुख्याध्यापक असताना मी पहिला प्रस्ताव पाठवला होता, "विद्यार्थ्यांसाठी समुपदेशक नेमण्याकरिता दोन लाख रुपये मिळावेत." तीन आठवड्यांनी कागद परत आला. समासात निळ्या शाईने एवढंच लिहिलेलं: "लेखाशीर्ष नमूद करावे." म्हणजे सरकारी अंदाजपत्रकातल्या कोणत्या खात्यातून पैसे हवेत, ते सांगा. तेव्हा चिडलो होतो. पण त्या लिपिकाचं बरोबर होतं. 'मुलांचं मन' नावाचं लेखाशीर्ष नसतं. आपली गरज फोडावी लागते आणि एकेक तुकडा जिथे बसतो त्या टेबलावर नेऊन ठेवावा लागतो.

सुरुवात शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीपासून करा. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा विकास आराखडा ही समितीच तयार करते आणि त्यात नसलेल्या गोष्टीला पुढे कुणी विचारत नाही. आराखड्यात 'मुलं तणावात आहेत' असं मोघम लिहू नका. किती मुलं महिन्यात आठ दिवसांपेक्षा जास्त गैरहजर, किती जणांचे आईवडील तोडणीला गेलेले, किती मुलं वाचनात मागे, असे आकडे द्या. मुलांची नावं मात्र प्रस्तावात कधीही घालू नका.

आमच्याकडे आणखी एक घोळ असतो. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आसपास उतरतात. सहावीतली एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊनच वर्गात बसायची. तो झोपला की वही उघडायची. यू-डायसमधला, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीतला, पट तोवर नोंदवून झालेला असतो, म्हणजे अनुदानाच्या हिशेबात ती नाहीच. अशा मुलांची तारखेनिशी वेगळी हजेरी ठेवा आणि तिचा गोषवारा प्रत्येक प्रस्तावाला जोडा.

पैसे मागण्याआधी फुकट मिळणारी माणसं मागा. हे बहुतेक शाळा करत नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक, म्हणजे दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता, वर्षातून एकदा सरकारी आणि अनुदानित शाळांत तपासणीला येतं. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब, सगळं त्यांच्या कक्षेत येतं. ते येतील तेव्हा वर्गशिक्षकांनी केलेली यादी तयार हवी. नाहीतर वजन-उंची घेऊन गाडी पुढच्या गावाला जाते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या मानसशास्त्रज्ञांची शाळाभेट मिळावी म्हणून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत पत्र द्या. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. तुमची दोन नावं गेली आहेत का, ते गटसाधन केंद्रात, म्हणजे शिक्षण विभागाच्या तालुक्याच्या केंद्रात, विचारा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक फळ्याशेजारी रंगवून घ्यायला तर मंजुरीही लागत नाही.

आता पैसे. समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय शिक्षण योजनेचं संयुक्त शाळा अनुदान सरकारी शाळांना पटावर मिळतं: 30 पर्यंत 10 हजार, 100 पर्यंत 25 हजार, 250 पर्यंत 50 हजार, 1000 पर्यंत 75 हजार. यातला किमान दहा टक्के स्वच्छतेवर जातो. खेळाच्या साहित्यासाठी प्राथमिकला 5 हजार, उच्च प्राथमिकला 10 हजारांपर्यंत वेगळी तरतूद आहे. मैदान हेही मनाचं औषधच, त्यामुळे तो तुकडा तिथे बसवा. दिव्यांग मुलांसाठी समावेशित शिक्षणाची तरतूद दरवर्षी प्रति मूल 3500 रुपयांपर्यंत आहे. ती गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांमार्फत मागा. पूर्ण रक्कम एकदम येईल असं मात्र धरू नका.

खरी वाट ग्रामपंचायतीतून जाते, असं माझं मत. वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे पाणी-स्वच्छतेसाठी राखलेल्या, निधीतून मुलींचं स्वच्छतागृह, हात धुण्याची जागा होते. अबंधित, म्हणजे गावाच्या इतर गरजांसाठीच्या, निधीतून समुपदेशनासाठी खोली दुरुस्त होऊ शकते, पण त्यातून पगार देता येत नाही. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्चायचा असतो. आमच्याकडे सरपंचबाईंनी त्यातूनच समुपदेशकाचा प्रवासखर्च काढला. पण काम ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात आलं पाहिजे. म्हणून 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभांना आयांना घेऊन जा. गुरुजी एकटे बोलले तर सभा माना डोलावते. आठ-दहा आया बोलल्या की ठराव होतो.

याहून मोठी रक्कम हवी असेल तर चार-पाच शाळा एकत्र येऊन केंद्रप्रमुखांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा आणि जिल्हा नियोजन समितीच्या नावीन्यपूर्ण योजनेत प्रस्ताव बसतो का ते पाहा. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची जुळवाजुळव दिवाळीनंतर सुरू होते. फेब्रुवारीत धावपळ करून हाती काही लागत नाही.

प्रस्ताव दोन पानांचाच ठेवा. वर विषय, मग लेखाशीर्ष, मग संदर्भ. शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीख शासनाच्या संकेतस्थळावरून स्वतः तपासून टाका, दुसऱ्याच्या प्रस्तावातून उतरवू नका. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी पात्र समुपदेशक नेमावा, असं सांगितलं आहे. त्याने निधी येत नाही, पण 'याची गरज काय?' हा शेरा टळतो. पट त्याहून कमी असेल तर बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडणी करायची आहे, तेही लिहा. सोबत समितीचा ठराव, अंदाजपत्रक आणि वस्तू घ्यायच्या असतील तर दरपत्रकं जोडा.

प्रस्ताव दिल्यावर आवक क्रमांक आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. माझा दुसरा प्रस्ताव 'मिळालाच नाही' म्हणाले होते. पोच दाखवल्यावर पंधरा मिनिटांत सापडला. पैसे आले की त्याच दिवसापासून खर्चाची वेगळी वही घाला, पावत्या चिकटवत जा आणि उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, मार्चच्या गर्दीआधी देऊन टाका. पुढच्या वर्षीच्या मागणीआधी तेच पाहिलं जातं.