शॉकअपचे गंजून बसलेले नट काढताना

जावळी, पाटण किंवा महाबळेश्वर भागात बरेच पावसाळे काढलेल्या गाडीचे शॉकअप बदलायला घेतले, की नवे बसवायला तासभर आणि जुने काढायला अख्खा दिवस, असा हिशेब होतो. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तिकडचा जांभ्याचा लाल चिखल मागच्या शॉकअपच्या खालच्या बोल्टावर थरावर थर बसून ओल धरून ठेवतो. सांगलीकडे कारण वेगळे असते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्या गाड्या पाण्यात राहिल्या, त्यांचे इंजिन आणि गिअरबॉक्स धुऊन झाले, तरी खालच्या नट-बोल्टांच्या आट्यांत शिरलेल्या गाळाकडे सहसा लक्ष जात नाही. गंज हा मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आट्यांमधल्या केसभर फटीत तेवढी जागा नसल्यामुळे तो पाचर ठोकल्यासारखा आवळत जातो. म्हणून असा नट निव्वळ जोराने सुटत नाही, आणि सुटलाच तर पुष्कळदा बोल्टासकट तुटून हातात येतो.

पाना लावण्यापूर्वी एक गोष्ट ठरवून घ्यावी: या जोडणीतले काय वाचवायचे आहे आणि काय टाकून द्यायचे आहे. जुना शॉकअप, त्याचा दांडा, रबरी बुश (टोकाच्या भोकात बसणारा रबराचा नळीसारखा तुकडा) आणि नट हे सगळे भंगारात जाणार असते, त्यामुळे ते वाकले, कापले गेले किंवा त्यांचे आटे गेले, तरी काही बिघडत नाही. ॲक्सलला वेल्ड केलेला स्टड (डोके नसलेला, आटे पाडलेला दांडा), चासीच्या आतून वेल्ड केलेला नट आणि वरच्या माउंटिंगचा पत्रा हे मात्र गाडीचे कायमचे भाग आहेत. आतला नट वेल्डिंग तुटून जागच्या जागी गरगर फिरू लागला, तर पत्रा कापून आत हात घालण्यावाचून बहुधा इलाज उरत नाही. कामात होणारे बहुतेक नुकसान हा फरक आधी न केल्यामुळे होते, असे माझे ठाम मत आहे.

गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्यावी, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत आणि गाडी उचलल्यावर तिचा भार स्टँडवर द्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ आहे, कारण जाम नटाला हिसके देताना संपूर्ण गाडी हलते. मागे कॉइल स्प्रिंग असलेल्या पुष्कळ गाड्यांत ॲक्सलला खाली घसरण्यापासून शॉकअपच अडवत असतो; म्हणून तो सोडण्यापूर्वी ॲक्सलखाली दुसरा जॅक टेकवून ठेवावा, नाहीतर ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो आणि स्प्रिंगही जागेवरून निसटू शकते. पुढे स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग यांची एकत्र जोडणी असेल, तर त्याच्या माथ्यावरचा मधला नट स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरशिवाय अजिबात सैल करू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली, तर माणसाचा जीव घेऊ शकते, त्यामुळे हे काम साधने असलेल्या गॅरेजमध्येच करून घ्यावे.

खरे काम आदल्या संध्याकाळी सुरू होते. नटाच्या बाहेर आलेले आटे तारेच्या ब्रशने लखलखीत होईपर्यंत घासावेत, कारण नटाला याच आट्यांवरून बाहेर यायचे असते आणि त्यांच्यावरचा गंज तसाच राहिला, तर सुटलेला नट दोन फेऱ्यांत पुन्हा अडकतो. त्यानंतर गंज सोडवणारा स्प्रे मारावा. डब्ल्यूडी-४० सर्वत्र मिळते. ते नसल्यास डिझेल किंवा रॉकेल चालते, फक्त त्याला वेळ अधिक लागतो. यातला एकही थेंब ब्रेकच्या ड्रमवर किंवा डिस्कवर जाऊ देऊ नये. तेल टाकल्यावर नटाच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून समोरच्या बाजूवर दुसऱ्या हातोडीने बेताचे ठोके द्यावेत, म्हणजे गंजाला सूक्ष्म तडे जाऊन तेलाला वाट मिळते. नटाच्या मुळाशी तपकिरी पातळ ओघळ दिसू लागला, की तेल आत पोहोचू लागले असे समजावे. झोपण्यापूर्वी पुन्हा एकदा आणि सकाळी आणखी एकदा तेल द्यावे. घाईच्या माणसाला हे नकोसे वाटते, परंतु या एका रात्रीने पुढची कापाकापी पुष्कळदा टळते.

पाना मापाला तंतोतंत हवा. एकाच १० मिलिमीटरच्या बोल्टाला जपानी धर्तीच्या गाड्यांत १४ चा, तर इतरत्र १६ किंवा १७ चा पाना लागतो, आणि जुन्या ॲम्बॅसिडरसारख्या गाडीचे नट इंची मापाचे असतात. गंजाने नट झिजलेला असेल, तर बारा कोनांची गोटी (पान्याचे नटावर बसणारे पोकळ टोक) कडांवरून घसरते; सहा कोनांची गोटीच घ्यावी आणि ती हातोडीने ठोकून पक्की बसवावी. पहिला जोर उलटा, म्हणजे आवळण्याच्या दिशेने, अगदी थोडा द्यावा. गंजाची पकड सुटताना बारीकसा कट्ट असा आवाज येतो, तो ऐकण्यासाठी थांबावे. त्यानंतर पाव फेरी सैल, थोडे आवळून पुन्हा सैल, मध्ये तेल, असे करत नट बाहेर आणावा. पान्याला पाइप लावल्यास जोर वाढतो, पण नट रबरासारखा मऊ लागू लागला, तर तत्काळ थांबावे. ते बोल्ट पिळला जात असल्याचे लक्षण आहे.

वरच्या टोकाचा नट फिरवताना आतला दांडाही सोबत फिरतो, ही नेहमीची अडचण. दांड्याच्या टोकाला सपाट कडा किंवा ॲलन कीचे भोक असते, तिथे धरावे. त्या कडा गंजून गेल्या असतील, तर दांडा ग्रिप पक्कडीने बिनदिक्कत आवळून धरावा, कारण तो टाकूनच द्यायचा आहे. नव्या शॉकअपच्या चकचकीत दांड्याला मात्र पक्कड कधीही लावू नये. एक ओरखडासुद्धा त्याचे सील फाडतो.

सगळ्यात हट्टी असतो तो खालचा बोल्ट. नट निघून येतो, पण बोल्ट हलत नाही. पाना लावला, की थोडा फिरतो आणि सोडला, की आपोआप मागे येतो. रबरी बुशच्या आतली लोखंडी नळी गंजून बोल्टाशी एकजीव झाली आहे आणि आपण केवळ रबर पिळत आहोत, असा त्याचा अर्थ. इथे हातोडा मारून बोल्टाचे टोक फुलवण्यात काही मिळत नाही. बुश आणि ब्रॅकेट यांच्यामधल्या फटीत हॅक्सॉचे नुसते पाते घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापावा, म्हणजे शॉकअप अलगद बाहेर पडतो आणि ब्रॅकेटला धक्का लागत नाही. तेवढ्याच मापाचा, तेवढ्याच मजबुतीचा नवा बोल्ट मात्र आधी आणून ठेवावा.

तेलाने काम झाले नाही, तरच उष्णता. ज्योत बोल्टावर न धरता नटावर धरावी, कारण नट प्रसरण पावला तर पकड ढिली होते. त्याआधी स्प्रेचे तेल पुसून टाकावे, पेट्रोलची टाकी, ब्रेकचे पाइप आणि वायरी किती जवळ आहेत ते पाहावे आणि पाण्याची बादली नव्हे, तर आग विझवण्याचे सिलिंडर हाताशी ठेवावे. शॉकअपच्या नळकांड्याला ज्योत किंवा ग्राइंडर कदापि लावू नये. आत तेल असते आणि पुष्कळ शॉकअपमध्ये दाबाखाली भरलेला वायूही असतो. जिथे ज्योत नेणे धोक्याचे वाटते, तिथे नट स्प्लिटरने नट चिरावा, किंवा ग्राइंडरने नटाची एक बाजू आट्यांना लागेपर्यंत घासून छन्नीच्या एका ठोक्याने फोडावा. अशा रीतीने स्टड वाचतो. तो तुटलाच, तर स्वतः खटाटोप न करता सातारा किंवा कुपवाडच्या एमआयडीसीतल्या जाणत्या लेथवाल्याचा सल्ला घेणे शहाणपणाचे आहे.

बसवताना वाचवलेले आटे घासून स्वच्छ करावेत आणि नट नवेच वापरावेत; नायलॉनचे कडे असलेला जुना नट पुन्हा पकड देत नाही. आट्यांना कॉपर ग्रीसचा पातळ हात द्यावा, परंतु रबरी बुशला ग्रीस लावू नये. ग्रीसमुळे तेवढ्याच जोराने नट अधिक आवळला जातो, हे लक्षात ठेवून टॉर्कचा पाना (किती जोर लागला ते दाखवणारा) वापरावा आणि आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावा. शॉकअप जोडीनेच बदलावेत. खालचे बोल्ट आधी हातानेच बसवून, गाडी चाकांवर टेकवून, तिचा पूर्ण भार आल्यावर शेवटचे आवळावेत. गाडी लटकत असताना आवळले, तर बुशचे रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. यवतेश्वरचा घाट एकदा चढून-उतरून आल्यावर प्रत्येक नटाला पुन्हा पाना लावून पाहावा.