वेल्समधल्या रोंदा खोऱ्यात राहायला येणाऱ्या सांगली-मिरजकरांसाठी

‘रोंडा’ नव्हे, ‘रोंदा’. आणि इथल्या माणसाला इंग्रज म्हणू नका, वेल्श म्हणा. एवढं पाळलंत तरी निम्मं गाव तुमचं.

बँक, व्हिसा वगैरे नोकरी देणारे सांगतातच. डॉक्टरकडे नाव पहिल्याच आठवड्यात नोंदवा; वेल्समध्ये चिठ्ठीवरची औषधं फुकट मिळतात.

आता घर. कार्डिफपेक्षा भाडं कमी म्हणून आपली माणसं खोऱ्यात येतात आणि पहिल्याच हिवाळ्यात डिपॉझिट घालवून बसतात. कारण एकच, ओल. ही घरं कोळशाच्या खाणी जोरात होत्या तेव्हा कामगारांसाठी एकाला एक चिकटवून बांधलेली. भिंत दगडाची आणि भरीव, मधे पोकळी नाही. बाहेरच्या गारठ्यानं ती थंड पडते आणि खोलीतली वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते. सांगलीत २०१९च्या महापुरात भिजलेल्या भिंती पुढच्या उन्हाळ्यानं वाळवल्या. इथे तसा उन्हाळाच नाही.

त्यात आपण काय करतो? थंडी वाजते म्हणून खिडकीच्या चौकटीतली हवेची फट चिकटपट्टीनं बुजवतो. रेडिएटरवर धुणं वाळवतो. स्वयंपाकघराचं दार सताड उघडं ठेवून कुकरच्या शिट्ट्या घेतो. मशीनभर धुण्यातून दीड-दोन लिटर पाणी हवेत जातं, ते कुठेतरी बसणारच. आधी कपाटामागे काळे ठिपके, मग गादीखाली.

फट बुजवू नका. पुन्हा सांगतो, फट बुजवू नका. सकाळी दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडा, पाऊस असला तरी. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. हीटर दिवसातून एकदा भडकवून बंद करण्यापेक्षा घर १८ अंशांच्या आसपास सलग ठेवा. हवेतली आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र घ्या. आकडा ६० टक्क्यांच्या वर राहू लागला तर ओल शोषणारं मशीन लावा आणि धुणं त्याच खोलीत, दार बंद करून वाळवा. बुरशी कोरड्या ब्रशनं खरवडली तर घरभर उडते. ओल्या फडक्यानं पुसा.

पैसे देण्याआधी घरमालकाचं नाव ‘रेंट स्मार्ट वेल्स’च्या, म्हणजे घरमालकांच्या सरकारी नोंदणीच्या, यादीत आहे का पाहा. डिपॉझिट ३० दिवसांच्या आत मान्य योजनेत जमा झाल्याचा कागद मागून घ्या. आणि चावी हातात आली की सामान आत नेण्याआधी प्रत्येक भिंतीचा, छताच्या कोपऱ्यांचा फोटो काढून त्याच दिवशी मालकाला ईमेल करा. व्हॉट्सॲपवर ‘घर छान आहे’ एवढंच लिहिलेलं असेल, तर मार्चमध्ये बुरशीचं खापर तुमच्यावरच फुटतं.

नदीकाठचं घर घेताना पुराचा नकाशा बघा. फेब्रुवारी २०२०च्या वादळात पेंत्रे गावात पाणी घरात शिरलं आणि टायलर्सटाऊनला खाणीतून काढलेल्या टाकाऊ दगडमातीच्या जुन्या ढिगाऱ्याचा उतार खाली आला. विकत घेणार असाल तर घराखाली जुनी खाण आहे का, याचा अहवाल वकिलाकडून काढून घ्याच.

डोंगरावरच्या ढिगाऱ्यांवरून विनोद नको. जवळच्याच खोऱ्यात, ॲबरफॅनला, २१ ऑक्टोबर १९६६ला असाच ढिगारा शाळेवर कोसळला. १४४ माणसं गेली, त्यांत ११६ मुलं. १९८४-८५च्या खाण कामगारांच्या संपाबद्दल कुणी बोलू लागलं तर ऐकून घ्या, मत देऊ नका. संप मोडून कामावर गेलेल्यांची घरं अजून लक्षात ठेवली जातात. आपल्याकडे भावकीचा बांध जसा पिढ्यान्‌पिढ्या चालतो, तसंच. खोऱ्यातली शेवटची खाण, मार्डी गावची, १९९०मध्ये बंद पडली, पण गाव अजून तिच्याच हिशोबानं बोलतं.

आपली मंडळी सुट्टी लागली की कार्डिफला पळतात आणि वर ‘गावात कुणी बोलत नाही’ म्हणतात. अहो, बोलायला गावात थांबावं लागतं! बसथांब्यावर कुणी ‘लव्ह’ किंवा ‘बट’ म्हणालं तर दचकू नका. ‘बट’ म्हणजे दोस्त, खाणीतल्या जोडीदारावरून आलेला शब्द.

नर्सिंगला येणाऱ्यांनी आणखी एक शब्द शिकून घ्यावा, ‘डस्ट’. म्हातारा पेशंट ‘मला डस्ट आहे’ म्हणाला तर खोलीतली धूळ झाडायला जाऊ नका. कोळशाच्या धुळीनं फुप्फुसं गेली आहेत, असं तो सांगत असतो. तेव्हा त्याला आडवं न ठेवता टेकून बसवा आणि खाणीत किती वर्षं होता ते विचारून नोंद करा.