महाशीरची जनुकीय विविधता : कामाला लागण्याआधी

महाशीर या नदीतल्या माशावर जनुकीय काम करायचं म्हटलं की नवा विद्यार्थी आधी सॉफ्टवेअरचं विचारतो. खरं तर आधी विचारायचं ते हे : या नदीत पूर्वी कुणी मत्स्यबीज (केंद्रात वाढवलेली पिल्लं) सोडलंय का, आणि कुठलं?

दख्खनी महाशीरला, म्हणजे टॉर खुद्रीला, साइक्सने १८३९ साली नाव दिलं ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. १९७०च्या दशकात लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या मत्स्यप्रजनन केंद्रात त्याचं कृत्रिम प्रजनन जमलं आणि बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, परराज्यांत जाऊ लागली. कावेरीतही गेली. तिथे ती फोफावली आणि मूळचा कुबडवाला महाशीर, टॉर रेमादेवी, मागे पडत गेला. २०१८मध्ये तो आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला. आता कावेरीतून मासा धरला आणि ‘नदीतला, म्हणजे वन्य’ असं लिहून टाकलं, तर तुम्ही केंद्रातल्या माशाची तुलना केंद्रातल्याच माशाच्या नातवाशी करत असता. दोन गटांत फरक नाही असा निकाल येतो आणि तो वाचायलाही छान वाटतो.

म्हणून पहिला महिना जुन्या नोंदी चाळण्यात घालवा. कुठल्या साली, कुठल्या डोहात, किती बीज सोडलं, ते किती माद्या-नरांचं होतं. शेवटचा आकडा बहुधा लिहिलेलाच नसतो. नेमका तोच सगळ्यांत मोलाचा.

परवानग्यांना वेळ धरा : वनक्षेत्र असेल तर वनखातं, शिवाय प्राणी-नीतिसमिती. नमुने परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचे असतील तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते. देवस्थानाच्या डोहात माशाला हात लावण्याआधी गावाला विचारायचं, हे सांगायला नकोच.

मासा मारायची गरज नाही. लवंग तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून १ मिली तेल आधी ९ मिली अल्कोहोलमध्ये ढवळून २० लिटर पाण्यात घाला. मासा कलंडला, पण कल्ले हलत आहेत, अशा वेळी शेपटीच्या पराच्या टोकाचा नखाएवढा तुकडा कापा. मोजपट्टी ठेवून फोटो काढा, आणि मासा वाहत्या पाण्यात धरून सावध झाला की सोडा. तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये, आकारमानाच्या निदान पाचपट द्रवात. एक दिवसाने इथेनॉल बदला, कारण पहिलं पराच्या पाण्याने पातळ झालेलं असतं. नाव पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी नळीच्या आत टाका. बाहेरची मार्करची शाई इथेनॉल पुसून टाकतं. फॉर्मॅलिन नको, डीएनए कामातून जातो. कात्री दर माशानंतर पुसून ज्योतीवर धरा.

प्रत्येक ठिकाणचे ३० ते ५० मासे पुरतात, पण ते एकमेकांचे भाऊ-बहीण नसावेत. टाकीतून एकाच जाळ्यात ५० बोटुकल्या उचलल्या तर हाती दोन-तीन कुटुंबंच येतात. मग स्ट्रक्चरसारखा, जनुकीय गट पाडणारा प्रोग्रॅम त्या भावंडांचाच वेगळा गट दाखवतो आणि विद्यार्थ्याला नवी ‘प्रजा’ (आपसांत प्रजनन करणारा वेगळा समूह) सापडते! आधी कॉलनीसारख्या प्रोग्रॅमने नाती तपासा.

प्रयोगशाळेत महाशीरची एक खोड लक्षात ठेवा. रोहू-कटल्याची गुणसूत्रं ५०, याची १००. फार पूर्वी सगळी गुणसूत्रं दुप्पट झाल्यामुळे अनेक जनुकांच्या दोन जोड्या आहेत. मायक्रोसॅटेलाइट हा मार्कर, म्हणजे माशामाशांतला फरक दाखवणारी डीएनएतली खूण. ती जागा शोधणारा डीएनएचा छोटा तुकडा, म्हणजे प्रायमर, दोन्ही जागी चिकटला तर एका माशात दोनऐवजी तीन-चार अलील (त्या जागेची वेगवेगळी रूपं) दिसतात. तो मार्कर सरळ टाकून द्या. एसएनपी (डीएनएतले एकेका अक्षराचे फरक) काढताना अशा जागा जवळपास प्रत्येक माशात विषमयुग्मी, म्हणजे दोन वेगळ्या अलीलच्या, दिसतात, त्याही गाळा. मायटोकाँड्रियाचा सीओआय जनुक फक्त आईकडचा वारसा सांगतो. संकर शोधायचा तर केंद्रकातले मार्कर हवेतच.

निकाल वाचताना दोन गोष्टींवर थांबा. एफ-आयएस, म्हणजे विषमयुग्मता अपेक्षेपेक्षा किती कमी आहे याचा आकडा, एकाच मार्करला धन आला तर न दिसणाऱ्या अलीलचा संशय घ्या. सगळ्यांना आला तर वेगळ्या प्रजांची सरमिसळ किंवा अंतःप्रजनन (नात्यातल्या माशांचं आपसांत प्रजनन). ऋण आला तर खूश होऊ नका. मोजक्या आईबापांच्या पहिल्या पिढीत विषमयुग्मता जास्त दिसू शकते, पण दुर्मीळ अलील तोवर गळून गेलेले असतात. ५ टक्के वारंवारतेचा अलील दहा माशांच्या प्रजनक साठ्यात (पिल्लांसाठी ठेवलेल्या आईबापांत) मुळात न येण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के, तीस माशांत ५ टक्क्यांहून कमी. म्हणून विषमयुग्मतेबरोबर अलीलसंख्या द्या, तीही नमुन्यांची संख्या सारखी धरून.

केंद्रात मात्र गणित फार साधं आहे. परिणामकारक संख्या, म्हणजे जनुकीयदृष्ट्या खरोखर किती माशांनी प्रजनन केल्यासारखं आहे ते, = ४ × नर × माद्या, भागिले दोघांची बेरीज. २० माद्या आणि ५ नर वापरले तर १६. १२ आणि १२ वापरले तर २४, म्हणजे एक मासा कमी लागून निकाल दीडपट. पहिल्या पद्धतीत दर पिढीला अंतःप्रजनन सुमारे ३.१ टक्के वाढतं, दुसरीत २.१. हाही आदर्श हिशोब झाला. केंद्रात सवयीने पाच नरांचं वीर्य एका वाटीत एकत्र करून अंड्यांवर ओततात. त्यात एक-दोघांचेच शुक्राणू बाजी मारतात, बाकीचे नर कागदावर राहतात. प्रत्येक मादीची अंडी तीन-चार वाट्यांत विभागा, प्रत्येक वाटीत एकाच नराचं वीर्य घाला, आणि काही मिनिटांनी मगच एकत्र करा. सोडताना प्रत्येक कुटुंबाची पिल्लं शक्यतो सारख्या संख्येने घ्या. वाटीवर मादी-नराचे क्रमांक आणि केंद्राच्या वहीत तीच नोंद, त्याच दिवशी, ओल्या हाताने का होईना.