तायक्वांदोतील किहाप : स्वतःचा आवाज कसा घडवावा

तायक्वांदोच्या वर्गात नव्याने दाखल झालेल्या मुलाला पहिल्या काही दिवसांतच पांढरा डोबोक, म्हणजे सरावाचा पोशाख, मिळतो, 'चारयोत' म्हटले की ताठ उभे राहायचे आणि 'क्योंगने' म्हटले की वाकून अभिवादन करायचे हे कळते, आणि ठोसा मारताना ओरडायचे असते हेही कळते. मात्र कसे ओरडायचे, हे बहुधा कोणी सांगत नाही. मग ते मूल सरांची नक्कल करते. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर किंवा नवी मुंबईत नेरूळ-खारघरच्या सोसायट्यांमध्ये संध्याकाळी भरणाऱ्या वर्गांत म्हणूनच साऱ्या मुलांच्या तोंडून एकच उसना आवाज ऐकू येतो. या ओरडण्याला किहाप म्हणतात, आणि तो ज्याच्या त्याच्या श्वासातून व गळ्यातून येत असल्यामुळे प्रत्येकाचा वेगळा असणेच योग्य आहे. काही नवशिकी मुले 'किहाप' हा शब्दच ओरडतात. त्यांना न हसता तिथल्या तिथे सुधारावे.

आवाजाआधी श्वासाकडे लक्ष द्यावे. 'जुनबी'च्या, म्हणजे तयारीच्या, पवित्र्यात उभे राहून एक तळहात बेंबीच्या थोडा वर ठेवावा, नाकाने श्वास घेताना पोट हाताला लागते आहे ना ते पाहावे, आणि मग आवाज न करता, तोंडाने 'हः' असा आखूड, जोरकस उच्छ्वास टाकावा. त्या क्षणी तळहाताखालचे स्नायू एकदम घट्ट झाल्याचे जाणवले पाहिजे. खांदे वर उचलले गेले किंवा मानेच्या शिरा ताणल्या, तर श्वास छातीच्या वरच्या भागातच अडकला आहे असे समजावे. जोराने श्वास सोडताना पोटाचे स्नायू आवळले जातात, धड स्थिर होते, आणि पायांतून व कमरेतून आलेला जोर वाटेत न विरता मुठीपर्यंत पोहोचतो. नेमका त्याच क्षणी समोरून पोटावर फटका आला, तरी ते आधीच घट्ट झालेले असते. शाळेत कबड्डी खेळलेल्या मुलांना येथे एक सवय मोडावी लागते, कारण चढाईत दम जपून पुरवायचा असतो, तर किहापमध्ये तो एका क्षणात खर्च करून पुन्हा लगेच घ्यायचा असतो.

हा उच्छ्वास जमला की त्यात आवाज मिसळावा. सुरुवातीला 'हा', 'हाय', 'हेत', 'हाप' असे उच्चार करून पाहावेत. 'ह'ने सुरुवात केल्यास हवा आधी वाहू लागते आणि स्वरतंतू एकमेकांवर आपटत नाहीत. नुसत्या 'आ'ने सुरुवात केली की गळ्याला धक्का बसतो. शेवटी 'प' किंवा 'त' आल्यास श्वास आपोआप तुटतो आणि आवाज आखूड राहतो. आवाज लांबवण्याची मुलांना भारी हौस असते, आणि प्रेक्षकांत बसलेल्या पालकांना तो आवडतोही, परंतु लांबलेला किहाप पुढच्या हालचालीचा श्वास खाऊन टाकतो. पट्टी कोणती असावी, हा प्रश्न त्या मानाने सोपा आहे: रस्त्यापलीकडून कोणी हाक मारल्यावर आपण ज्या पट्टीत 'हो' म्हणतो, तीच आपली. ती मुद्दाम खर्जात नेऊ नये किंवा किंचाळीपर्यंत चढवू नये. आवाज फुटण्याच्या वयातील मुलांचा किहाप मध्येच चिरकला, तर तिकडे दुर्लक्ष करावे. काही महिन्यांनी त्यांनी आपला उच्चार पुन्हा शोधावा.

संकोच ही खरी अडचण आहे, विशेषतः घरी 'हळू बोल' ऐकत वाढलेल्या मुलींची आणि मुलांबरोबर वर्गात येऊ लागलेल्या त्यांच्या आयांची. अशांना पहिल्याच दिवशी एकटे पुढे उभे करू नये. सगळ्यांनी मिळून 'हाना, दुल, सेत' मोजत पाचव्या ठोशाला एकत्र किहाप द्यावा, नंतर जोडीने, आणि मग एकेकट्याने.

वेळ साधण्यासाठी जोडीदाराच्या हातात टार्गेट पॅड देऊन डोल्यो चागी, म्हणजे बाजूने फिरवून मारायची लाथ, मारावी. पावलाचा वरचा भाग पॅडवर बसल्याचा 'फट्' आणि किहाप हे दोन्ही मिळून एकच आवाज ऐकू यायला हवा. पाय उचलतानाच ओरडणे ही सर्रास आढळणारी चूक आहे, आणि ती मारणाऱ्याला स्वतःला कळत नाही. मोबाईलवर चित्रण करून संथ गतीने पाहिले की लगेच कळते.

पूमसेमध्ये, म्हणजे एकट्याने करायच्या ठरावीक हालचालींच्या मालिकेत, किहापची जागा ठरलेली असते. तेगुक इल जांग या तेगुक मालिकेतील पहिल्या पूमसेमध्ये तो शेवटच्या ठोशावर येतो, आणि वर्ल्ड तायक्वांदो या जागतिक संघटनेच्या स्पर्धांत तो विसरल्यास किंवा भलत्या ठिकाणी दिल्यास गुण कापले जातात. लढतीत तसे बंधन नाही. पूर्वी पंच पाहून व ऐकून गुण देत, तेव्हा किहापचा त्यांच्यावर परिणाम होई. आता लाथांची नोंद चिलखतातील आणि हेडगार्डमधील सेन्सर घेतात व त्यांना आवाजाशी कर्तव्य नसते. ठोशाचा गुण मात्र आजही पंचच देतात, त्यामुळे ठोशाबरोबरचा स्पष्ट किहाप वाया जात नाही. लढतीसाठीचा सराव तोंडात गमशील्ड घालूनच करावा, कारण ते घातल्यावर 'प' आणि 'त' नीट उमटत नाहीत आणि नुसता 'हा'च उपयोगी पडतो.

सरावाच्या जागेबाबत सावध असावे. फरशी बसवलेल्या क्लबहाऊसमध्ये किंवा पावसाळ्यात वर्ग जेथे हलवला जातो त्या पार्किंगमध्ये आवाज घुमतो आणि कमकुवत किहापही दमदार भासतो. उलट उपवन तलावाच्या काठी किंवा वाशीच्या खाडीलगत आवाज परत येत नाही, म्हणून माणूस नकळत जास्त ओरडतो आणि घसा बसवून घेतो. घरी, भिंतीपलीकडे दहावीचा अभ्यास चालू असताना, नुसता 'हः' पुरेसा आहे. फारच वाटले तर जाड टॉवेल तोंडाशी धरून किहाप द्यावा.

सर्दी-खोकला असताना केवळ उच्छ्वासाचा सराव करावा. वर्गाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घसा बसलेला असेल, तर जोर गळ्यातून लागला होता असे मानून पुन्हा तळहात पोटावर ठेवण्यापासून सुरुवात करावी. घसा दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे आणि तोवर वर्गात मूकपणे लाथा माराव्यात. कारण सांगितल्यावर कोणतेही समंजस प्रशिक्षक त्याला हरकत घेत नाहीत.