वजन जास्त असेल तर अँटिबायोटिकचा डोस कसा ठरतो
नागपूरच्या धंतोलीत ऑपरेशनसाठी ॲडमिट होऊन राहिले अन् वजन जास्त असेल तर आधी काट्यावर उभं राहून आजचं वजन अन् उंची फाइलवर लिहून घ्या, अंदाजे आकडा चालत नाही. ऑपरेशनआधी द्यायचं अँटिबायोटिक सेफॅझोलिन मोठ्यांना साधारण 2 ग्रॅम देतात पण 120 किलो किंवा वर असेल तर 3 ग्रॅम, तेही चिरा द्यायच्या आधीच्या तासाभरात. व्हॅन्कोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकचा पहिला डोस खऱ्या वजनावर काढतात, पुढचे डोस रक्तातली औषधाची लेव्हल पाहून. जेंटामायसिन हे अँटिबायोटिक मात्र चरबीत फारसं शिरत नाही, पूर्ण वजन धरलं तर किडनी अन् कानाला धोका, म्हणून उंचीवरून काढलेल्या आदर्श वजनात त्यापेक्षा जादा वजनाचे 40 टक्केच मिळवतात. किडनी कशी चालते ते सांगणारा क्रिएटिनिनचा रक्ताचा रिपोर्ट सोबत ठेवा. अन् बाप्पा, घरी गोळ्या मनानं डबल करू नका, डॉक्टरलाच विचारा.