रोममध्ये पाण्याची बाटली विकत घेण्याआधी

जळगावच्या उन्हाला सरावलेल्या आम्हां दोघांना दक्षिण युरोपच्या महिनाभराच्या प्रवासात ऊन फारसे जाणवले नाही. जाणवला तो पाण्याच्या बाटल्यांवर रोज होणारा खर्च. त्यावर उपाय असा की, घरूनच स्टीलची रिकामी बाटली सोबत न्यावी आणि रोममध्ये जागोजागी असलेल्या 'नासोनी' नावाच्या सार्वजनिक नळांवर ती भरून घ्यावी. हे पाणी पिण्याजोगे, गार आणि फुकट असते. बाटली हाताशी नसल्यास नळीचे खालचे तोंड बोटाने दाबावे, म्हणजे वरच्या बारीक छिद्रातून धार उसळते व फारसे वाकावे लागत नाही (ही युक्ती सौभाग्यवतींनी तिथल्या एका आजीबाईंकडे पाहून उचलली). मात्र 'नॉन पोताबिले' अशी पाटी असेल, तेथील पाणी पिऊ नये.