ग्रामसभेत पाण्याचा प्रश्न कसा मांडावा

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 नुसार ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी, म्हणजे सभा वैध ठरण्यासाठी, 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी कमी असलेली संख्या हजर असावी लागते. मराठवाड्यातील अनेक विहिरींत उन्हाळ्याच्या तोंडावरच पोहऱ्यासोबत गाळ वर येतो, म्हणून टँकरची मागणी 26 जानेवारीच्या सभेतच करावी. मे महिन्यात फार उशीर झालेला असतो. अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) आधीच लेखी द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. त्यात नुसते ‘पाणी नाही’ न लिहिता कोणती वस्ती, किती कुटुंबे, हातपंप कधीपासून कोरडा, हे नोंदवावे. महिला सभेत हा विषय अवश्य घ्यावा, कारण एका घागरीमागे किती वेळ जातो हे बायाच नेमके सांगू शकतात. ठराव इतिवृत्तात लिहून मोठ्याने वाचला जाईपर्यंत सभा सोडू नये.